ठकीवरची शेवटची खोडी

गोदामात तिला तुफान म्हणत, आणि ते नाव तिने स्वतःच्या कष्टाने कमावलेलं होतं. सकाळी शटर वर गेलं की तिचं तोंड सुरू व्हायचं, ते दुपारी तिची शिफ्ट संपेपर्यंत त्याला विसावा नसायचा. ऐकायला समोर माणूस असलाच पाहिजे अशी तिची अट नव्हती. रंगाच्या डब्यांशी, वजनकाट्याशी, छताच्या पत्र्यावर बसणाऱ्या पारव्यांशी ती तितक्याच जिव्हाळ्याने बोलायची. सगळ्यांत जास्त बोलायची ती ठकीशी. ठकी म्हणजे तिची फोर्कलिफ्ट. बॅटरीवर चालणारी, पिवळी, बुटकी, मागून चांगली भरलेली, पुढे दोन लांब लोखंडी फोर्क, आणि आवाज म्हणाल तर नुसती गुणगुण. एवढी कमी बोलणारी बाई आपल्याला मैत्रीण म्हणून मिळाली याचं तुफानला फार कौतुक होतं.

पण त्या सकाळी तुफान गप्प होती. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने तर जवळ येऊन, ताप वगैरे आहे का, अशी चौकशीही करून घेतली. ताप नव्हता. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर आज जाणार होता, एवढंच होतं. कंपनीने दूर कुठल्या तरी शहरात नवं गोदाम उघडलं होतं, तिकडे त्याची बदली झाली होती, आणि मालासाठी जो ट्रक दारात उभा होता त्याच ट्रकात बसून तो जाणार होता. त्याची बॅग केबिनमध्ये चढलीही होती. तो स्वतः आत ऑफिसात सह्या करत होता. ट्रक भरायचा होता तुफानने. म्हणजे तिनेच आपल्या हातांनी माल चढवायचा, आणि शेवटचा डबा चढला की त्याला टाटा करायचा. नशीबसुद्धा माणसाची काय थट्टा करतं बघा.

त्या ऑपरेटरला सगळे मौनी म्हणत. पन्नाशी ओलांडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही बुटांच्या नाड्या अगदी सारख्या मापाच्या. स्वभावाने लोण्यासारखा, पण तोंडात कायम मिठाची गुळणी धरलेली. "हो", "नाही" आणि "बरं" एवढ्या भांडवलावर त्याने आजवरचा संसार, नोकरी आणि दोन घरमालक निभावून नेले होते. तुफान त्याला मौनीराव म्हणायची. दुपारी शिफ्ट बदलताना त्यांची भेट व्हायची, तेवढीच. पण त्या भेटीसाठी ती दुपारी आरशात बघून घ्यायची, हे ठकीला ठाऊक होतं, कारण तो आरसा ठकीचा होता.

आता खोड्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काम सुरू करण्याआधी फोर्कलिफ्ट रोज तपासायची असते. खाली तेल सांडलंय का, फोर्कला तडा आहे का, साखळ्या सारख्या ताणलेल्या आहेत का, टायर, बॅटरी, ब्रेक, हॉर्न. पण रोज तेच तेच तपासलं की डोळे उघडे राहतात आणि बघणं मात्र बंद होतं. दोन्ही शिफ्टचे लोक चहा पितापिता, लांबूनच, "सगळं ठीक" म्हणून मोकळे व्हायला लागले होते. तेव्हा तुफाननेच ही शक्कल काढली. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी मशीनवर एक खोडी करून ठेवायची. ब्रेकला हात लावायचा नाही, बॅटरीला नाही, तेलाच्या नळ्यांना नाही. नुसती एखादी वस्तू, जिथे नसायला हवी तिथे ठेवायची. येणाऱ्याने चावी फिरवायच्या आधी ती शोधायची. नाही सापडली तर मोठ्याने हार मानायची. मग खोडी करणाऱ्याने जागा दाखवायची, तोंडाने सांगायची, आणि हरणाऱ्याने चहा पाजायचा. गोदामाचे साहेब सुरुवातीला फार चिडले होते. पण तेव्हापासून ठकी एकदाही आजारी पडली नाही, म्हणून मग त्यांनी आपल्याला काही माहीतच नाही असं ठरवून टाकलं.

आणि या खोड्यांत मौनीला वाचा फुटायची. तुफान विसरून गेलेल्या रुमालाचं फूल करून ते चाकाच्या नटावर खोचलेलं असायचं. टायरवर खडूने हसरं तोंड काढलेलं असायचं. एकदा थंडीच्या दिवसांत फोर्क वर-खाली करायच्या दांड्यावर लोकरीची छोटीशी टोपी चढवली होती, ती विणली कुणी हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुफानला सगळं सापडायचं. तिची नजर घारीची होती आणि तिला त्याचा माजही होता.

मौनीचं मात्र उलटं. दुपारी तो ठकीभोवती फेऱ्या मारमारून थकायचा. वाकून बघायचा, गुडघ्यांवर बसून बघायचा, पुन्हा पहिल्यापासून बघायचा. तुफान खांद्याला पिशवी अडकवून उभी, तोंडाचा पट्टा चालू. शेवटी तो मान खाली घालून "हरलो" म्हणायचा. मग ती विजयी मुद्रेने जागा दाखवायची आणि तो चहा आणायचा. माल चढवायच्या ओट्यावर पाय सोडून दोघं चहा प्यायची. ती बोलायची, तो ऐकायचा, आणि तिची बस निघून जायची. एकदा तिने आरशामागे अर्धा कांदा ठेवला होता. तोसुद्धा त्याला सापडला नाही, तेव्हा मात्र तिने त्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच बाकी ठेवलं होतं. तो बिचारा गेला. परत येऊन म्हणाला, "चष्मा नको म्हणाले."

"मग नाकाच्या डॉक्टरकडे जा," तुफान म्हणाली होती.

असा माणूस तिला आवडला होता, हे आता उघडच सांगून टाकायला हरकत नाही. तिच्या लेकीनेही ते ओळखलं होतं. लेक तिच्यासारखीच, पण कमी शब्दांत जास्त बोचणारी. ती म्हणाली होती, "आई, माणूस चांगला आहे. पण त्याला तोंड आहे का? असेल तर एकदा उघडायला सांग, मगच काय ते ठरव."

लेकीच्या बोलण्याला कारण होतं. तुफानचा नवरा, लेकीचा बाप, वाईट नव्हता. पीत नव्हता, मारत नव्हता, पगार आणून हातावर ठेवायचा. पण बोलायचा नाही. भाजी कशी झालीय? हं. पोरीला ताप आलाय. हं. मी उद्या मरून गेले तर काय कराल? हं. आयुष्यभर त्या "हं"ला टेकून ती एकटीच बोलत राहिली होती. तो गेला तेव्हा ती खूप रडली. पण घरातला आवाज काही कमी झाला नाही, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं. पुन्हा असल्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा तिने तेव्हा कानाला खडा लावला होता. म्हणून दोन-अडीच वर्षं ती वाट बघत होती, की हा माणूस एक दिवस तोंड उघडेल. आणि तो आज ट्रकात बसून निघाला होता.

तर तुफान तोंड मिटून तपासणीला लागली.

जमिनीवर पुठ्ठा टाकून ती वाकली आणि ठकीच्या पोटाखाली टॉर्च मारला. तेलाचा थेंब नव्हता. फोर्कच्या वाकणावर बोटं फिरवून तिने तडा चाचपला. नव्हता. फोर्क जागेवर धरणाऱ्या खिट्ट्या घट्ट होत्या. दोन्ही साखळ्या दाबून पाहिल्या, सारख्या ताणलेल्या होत्या. टायरवर खिळा नाही, चीर नाही, आणि खडूचं हसरं तोंडही नाही. शेवटची खोडीसुद्धा करावीशी वाटली नाही का या माणसाला, असं मनात म्हणत ती डोक्यावरच्या जाळीकडे, तिथून मागच्या खांबाकडे वळली. त्या खांबाला, सीटच्या बाजूला, आग विझवायचा लहान लाल सिलिंडर लावलेला होता. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन जागेवर आहे ना, एवढंच बघायचं असतं. काटा हिरव्या पट्ट्यात होता. पिन जागेवर होती. आणि पिनेच्या कडीला पांढऱ्या दोऱ्याने दुसरी एक कडी बांधलेली होती. ती सोन्याची होती.

तुफानने ती बोटावर घेतली. अंगठी. बारीक, साधी, वर पानाची नक्षी.

ती ठकीच्या पायरीवर बसली. मग एकदम उठली. मग पुन्हा बसली. पोटातून हसू वर यायला लागलं, ते तिने दातांत पकडलं तर नाकातून बाहेर पडलं. छतावरचे पारवे उडाले. हमालांनी वळून बघितलं, तेव्हा तिने शिंक आल्याचं सोंग केलं, आणि सोंगाची शिंक करताकरता खरीच शिंक आली. आनंदाच्या उकळ्या फुटणं म्हणजे काय ते तिला आज कळलं. पन्नाशीला टेकलेली बाई, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट, आणि मनात मात्र एकच, की ठकीला मिठी मारून गरागरा फिरवावी. ठकीचं वजन काही टन होतं म्हणून ते राहिलं.

दोरा तोडून ती अंगठी बोटात घालणार, एवढ्यात तिचा हात थांबला. एक तर पुढे बॅटरीचं काम होतं. बॅटरीपाशी हातात धातू घालायचा नाही, बांगडी नाही, घड्याळ नाही, अंगठी तर मुळीच नाही, हा नियम तिने झोपेतही मोडला नसता. पण थांबायचं खरं कारण वेगळं होतं.

हा माणूस आताही बोललेला नाही, हे तिच्या लक्षात आलं. लग्नाची मागणीसुद्धा याने दोऱ्याने बांधून ठेवली. आता ही अंगठी घालून मी समोर गेले, तर हा म्हणणार "बरं", आणि झालं लग्न. उद्या भाजी कशी झालीय? बरं. पोट दुखतंय का? नाही. आणि मी पुन्हा आपली भिंतींशी बोलत बसणार.

छे. हे चालायचं नाही.

तुफानने इकडेतिकडे पाहिलं. जाकिटाचा खिसा फाटका, पँटच्या खिशात किल्ल्या. तिने डाव्या बुटाची नाडी सोडली, अंगठी मोज्यात घोट्यापाशी सरकवली आणि नाडी पुन्हा बांधली. मग डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड हातमोजे चढवून तिने सीटसकट बॅटरीचं झाकण वर केलं, वायरी बघितल्या, पाण्याची पातळी बघितली, झाकण लावलं आणि प्लग जोडला. सगळं शिस्तीत. फक्त मधूनमधून ती फिदीफिदी हसत होती, आणि बॅटरीसमोर आजवर असं कुणी हसलं नसेल.

मौनी ऑफिसातून बाहेर आला तेव्हा ती ठकीशेजारी हाताची घडी घालून उभी होती. त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घाम आला होता.

"मौनीराव," तुफान म्हणाली, "आज नाही सापडली. हरले मी."

त्याची नजर एकदा ठकीकडे जाऊन परत आली.

"सगळं बघितलं. वरून, खालून, मागून. दिसली नाही बाई कुठे. आता नियमाप्रमाणे जागा दाखवा आणि काय आहे ते तोंडाने सांगा. चहा माझ्याकडे लागला."

मौनीने घसा साफ केला. तोंड उघडलं. मिटलं. मग तो मुकाट्याने खांबाकडे गेला, लाल सिलिंडरकडे हात केला, आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला. पिनेच्या कडीला नुसता तुटलेला दोरा लोंबत होता.

तुफान ओठ दाबून बघत होती. तिच्या अंदाजाने आता तो विचारणार होता, की इथली अंगठी कुठे गेली. पण मौनी हा मौनी होता, आणि त्याहून आधी तो ऑपरेटर होता. त्याने सिलिंडरच्या खाली पाहिलं. तिथे बॅटरीचं झाकण होतं आणि झाकणाला हवेसाठी फटी होत्या. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"झाकण उघडलंत?" त्याने विचारलं.

"उघडलं की. रोजच उघडते."

पुढच्या क्षणी त्याने बॅटरीचा प्लग उपटून काढला, दांड्यावर "बंद" असं लिहिलेली लाल पाटी अडकवली आणि दोन्ही हात पसरून ठकीसमोर उभा राहिला. "कुणी जवळ येऊ नका," तो हमालांना म्हणाला. मौनीच्या तोंडून एवढं लांब वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे लगेच जवळ आले.

आता मात्र तुफानच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. धातूची लहानशी वस्तू बॅटरीत पडली तर ठिणगी उडून भडका होऊ शकतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती पडलेली नाही, तिच्या मोज्यात आहे, हे तिला माहीत होतं. त्याला नव्हतं. तो आता बॅटरीचा कप्पान् कप्पा तपासल्याशिवाय ठकीला हलू देणार नव्हता, आणि ट्रक दारात उभा होता.

ट्रकच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तो ऐकून साहेब ऑफिसातून धावत आले. ते नेहमी धावतच यायचे. "काय झालं? मशीन बंद का?"

"बॅटरीत काहीतरी पडलंय," मौनी म्हणाला. त्याने संरक्षक चष्मा आणि हातमोजे चढवले होते आणि झाकण वर करून तो टॉर्च मारत होता.

"काय पडलंय?"

"धातू."

"कसला धातू?"

"लहान."

"अरे बाबा, लहान म्हणजे काय? खिळा, नट, बोल्ट?"

मौनीने पुन्हा आत टॉर्च मारला. त्याचे कान लाल झाले होते. तुफानच्या घोट्याला अंगठी टोचत होती आणि हसू की रडू हे तिला ठरवता येत नव्हतं. ड्रायव्हर केबिनमधून उतरून आला होता. हमालांनी कडं केलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"हे बघ," ते मौनीला म्हणाले, "जायच्या दिवशी तू माझं मशीन अडवून ठेवलंयस. काय पडलं ते सांगत नाहीस. कुणी पाडलं ते सांगत नाहीस. मग मला वर कळवावं लागेल, आणि कळवलं तर तुझ्या एवढ्या वर्षांच्या कामाला डाग लागेल. शेवटचं विचारतो. काय आहे?"

मौनीने टॉर्च विझवला. या माणसाने डाग लावून घेतला असता, पण तोंड उघडलं नसतं, हे तुफानला स्पष्ट दिसलं आणि तिचा जीव गलबलला. पुरे झाला खेळ. बोलणारा नाही तर नाही, पण माझ्यापायी त्याची शोभा नको. ती पुढे झाली.

"साहेब, चूक माझी आहे," ती म्हणाली. "ते जे काही आहे ते—"

"बाई, थांबा," मौनी म्हणाला. "आज मी बोलतो."

गोदामात अशी शांतता पसरली की पारव्यांचे पाय पत्र्यावर वाजलेले ऐकू आले.

"अंगठी आहे, साहेब," मौनी म्हणाला. "सोन्याची. यांच्यासाठी घेतलेली. काल शिफ्ट संपताना मी ती सिलिंडरच्या कडीला बांधली. म्हटलं, यांना सगळं सापडतं, ही पण सापडेल, म्हणजे मला काही बोलायला नको. चुकलं माझं. असली गोष्ट दोऱ्याने बांधून ठेवायची नसते. ती सांगायची असते."

त्याने श्वास घेतला. सगळ्यांना वाटलं, संपलं. साहेबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलंही. पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते एवढ्यात थोडंच संपणार.

"आणि माझे डोळे चांगले आहेत," मौनी म्हणाला.

"काय?" तुफान म्हणाली.

"डोळे. चांगले आहेत माझे. तुमची खोडी मला रोज सापडते. पहिल्याच फेरीत. कधीकधी तर दारातूनच दिसते. तो कांदा तर गेटवरच कळला होता. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही इथे आलातच कशाला."

"मग रोज हरता कशाला?"

"सापडली म्हटलं की तुम्ही पिशवी उचलून लगेच बस पकडता. हरलो म्हटलं की चहा संपेपर्यंत थांबता."

हमालांपैकी कुणीतरी हळूच "अरे बापरे" म्हणालं.

"मी बोलत नाही," मौनी पुढे बोलतच होता, "कारण तुम्ही बोलता ते ऐकायचं असतं मला. दुपारी जे ऐकतो ते घरी जाऊन पुन्हा आठवतो. तुमच्या लेकीने कुकरची शिट्टी हरवली ते, शेजारणीच्या मांजराने तुमचा मोजा पळवला ते, सगळं. घरी एकटाच हसतो. मधे मीही बोलायला लागलो, तर तुमचं बोलणं तेवढंच कमी होईल, असं वाटायचं. मग पुढे बोलायचं होतं तेव्हा जमेना. ही बदली मी मागून घेतलीय, साहेब."

"मागून घेतलीस?" साहेब म्हणाले. "आणि मी इकडे ती रद्द व्हावी म्हणून वर किती भांडलो."

"रोज यांच्यासमोर गप्प बसण्यापेक्षा लांब जाऊन गप्प बसावं, म्हटलं." तो तुफानकडे वळला. एका हातात टॉर्च, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. "आता अंगठी सापडो न सापडो, विचारतो. माझ्याशी लग्न कराल का? नाही म्हणालात तर मी ट्रकात बसतो. पण आधी अंगठी शोधून देतो आणि मग बसतो. ती आत असताना चावी फिरवू नका."

तुफान माल ठेवायच्या एका रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा खाली केला आणि अंगठी बाहेर काढली. गोदामाच्या दारातून येणाऱ्या उन्हात ती चमकली. घोट्यावर तिचा गोल वळ उठला होता.

मौनीने बघितलं. डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि पुन्हा बघितलं.

"सापडली होती?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"पहिल्या फेरीत?"

तिने पुन्हा मान डोलावली.

"मग हरले का म्हणालात?"

आणि मग मौनी हसायला लागला. त्याचं हसू आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. ते भलतंच मोठं निघालं, पत्र्यावर जाऊन आपटलं, पारवे पुन्हा उडाले. हसताहसता तो ठकीच्या फोर्कवर टेकला, पण फोर्कवर बसायचं नसतं हे आठवून लगेच उठला. त्याचं बघून हमाल हसले. साहेबही हसले, आणि हसताहसता म्हणाले, "लग्न करा, काय हवं ते करा, पण आधी माझा ट्रक भरा."

ट्रकचा ड्रायव्हर मात्र कामाचा माणूस होता. त्याने केबिनकडे बोट दाखवलं. "बाई, यांची बॅग वर आहे. तशीच राहू दे की उतरवू?"

सगळ्यांनी तुफानकडे पाहिलं. मौनीचं हसू थांबलं.

तुफानला खूप बोलायचं होतं. दोन-अडीच वर्षांचे चहा, दोन-अडीच वर्षं मुद्दाम हरलेला माणूस, मांजराने नेलेला मोजा लक्षात ठेवून घरी एकटा हसणारा माणूस, हे सगळं तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं. तुम्ही आधी का नाही बोललात, असं विचारायचं होतं. कांद्याबद्दल भांडायचं होतं. लेकीला आत्ताच्या आत्ता फोन करायचा होता. तिने तोंड उघडलं. जन्मात कधी दगा न दिलेली जीभ टाळूला चिकटली ती निघेचना. डोळ्यांतून पाणी मात्र सुरू झालं. आत एवढी गर्दी झाली की त्यातून एवढंसंच बाहेर पडलं.

"हं," ती म्हणाली.

तिचं तिलाच ऐकू आलं, आणि ती एका पायात बूट घातलेली बाई पॅलेटवर बसून हसत होती की रडत होती, हे हमालांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ड्रायव्हर गोंधळला. "हं म्हणजे काय समजायचं?"

"उतरव," मौनी म्हणाला. "हो म्हणाल्या त्या."

ड्रायव्हर बॅग उतरवायला गेला. "बदली रद्द करायचं मी वर बघतो," साहेब म्हणाले. झाकण एकदा उघडलं म्हणजे तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची असते, म्हणून तुफानने बूट घातला आणि पुठ्ठा उचलला. बॅटरीचं काम होईपर्यंत अंगठी साहेबांनी मुठीत धरून ठेवली. ठकीभोवती दोघं मिळून फिरली, आणि टायरपासून हॉर्नपर्यंत एकटा मौनीच बोलत होता.